ॲम्बेसेडरला स्पिन-ऑन ऑइल फिल्टर: आधी गळती शोधा, मग आटे मोजा

अमळनेरहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. गाडी १९७२ ची ॲम्बेसेडर मार्क २, इंजिन मूळचं १४८९ सीसी पेट्रोल. ऑइल बदललं की दर वेळी फिल्टरचा बाउल, म्हणजे त्याचा पत्र्याचा डबा, वरच्या काठाशी गळतो. नवी रिंग टाकून पाहिली, बोल्ट जास्त आवळून पाहिला, फरक नाही. सकाळी सेल्फ मारल्यावर ऑइल प्रेशरचा काटा हलायला चार-पाच सेकंद लागतात. इंजिन गरम झाल्यावर हायवेला प्रेशर ४५ पीएसआयच्या आसपास असतं, आयडलला १५. मेकॅनिक म्हणतोय, डबा काढून फेका आणि हल्लीच्या गाड्यांना असतो तसा हाताने फिरवून बसणारा, म्हणजे स्पिन-ऑन, फिल्टर लावा. लावावा का, आणि लावायचा तर कुठला?

लावता येतो, आणि मापं जुळवून बसवला तर उत्तम चालतो. पण भाऊ, तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकात एक अडकल्यात: गळती, सकाळचा उशीर आणि प्रेशर. स्पिन-ऑन फिल्टर हा पहिलीवर, ती बाउलच्याच काठाची असेल तर, हमखास उपाय आहे, दुसरीवर बऱ्यापैकी आणि तिसरीवर अजिबात नाही. तिसरी आधी मिटवू. या इंजिनाला गरम असताना चालत्या गाडीत ४५ आणि आयडलला १५ हे प्रेशर चांगलं आहे. ते बेअरिंगमधल्या फटींवर, पंपावर आणि जादा प्रेशर सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हवर ठरतं. नवा फिल्टर लावून काटा वर चढेल या आशेने कुणी पैसे घालत असेल तर घालू नये.

आता गळती. हे बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातलं इंजिन, फुल-फ्लो फिल्टरचं. पंपातून निघालेलं सगळं ऑइल फिल्टरच्या हेडमध्ये, म्हणजे ब्लॉकला लावलेल्या त्याच्या बैठकीत येतं, बाउलमधल्या एलिमेंटच्या (गाळणाऱ्या भागाच्या) बाहेरून आत गाळलं जातं आणि मधून मेन गॅलरीत, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेत जातं. बाउलचा काठ हेडमधल्या एका गोल खाचेत बसतो आणि त्या खाचेत रबरी रिंग असते. नवी रिंग टाकूनही गळतं तेव्हा बहुतेक वेळा जुनी रिंग खाचेतच राहिलेली असते. ती वर्षानुवर्षं भाजून इतकी कडक आणि सपाट होते की खाचेचा तळ आणि रिंग डोळ्याला वेगळी दिसत नाहीत, दोन्ही काळी. तिच्यावर नवी रिंग बसवली की बाउलचा काठ तिरपा टेकतो. मग बोल्ट आवळत गेलात की बाउलचा पत्रा वाकतो आणि गळती कायमची होते. मूळ बाउलचा मधला बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे लहान पान्याने बेताच्या जोरानेच आवळायचा असतो. टॉमी (लांब दांडा) लावून आवळला असेल तर बाउलचा काठ काचेवर उलटा ठेवून पाहा. डुगडुगला तर बाउल गेला.

जुनी रिंग काढायला स्क्रू-ड्रायव्हर नको, खाचेला ओरखडा पडला की तिथूनच पाझरतं. दाभण घ्या, टोक किंचित वाकवा, खाचेत एका जागी टोचून रिंग उचला आणि चिमट्याने ओढून घ्या. तुकड्यातुकड्यांनी निघेल. निघाल्यावर खाच रॉकेलच्या फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात सगळीकडून पाहा: तळ धातूसारखा चमकला पाहिजे. तसा चमकत नसेल तर अजून रबर आहे. हे काम स्पिन-ऑन बसवतानाही करावंच लागतं, कारण बहुतेक ॲडॅप्टर, म्हणजे जुन्या हेडला नवा फिल्टर जोडणारे तुकडे, याच खाचेत बसतात. म्हणून आधी हे करून पाहा. शक्यता अशी आहे की तुमची गळती इथेच थांबेल, आणि मग स्पिन-ऑन हा प्रश्न घाईचा राहणार नाही.

दुसरी शंका अशी की बाउल गळतच नसेल. फिल्टरचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, प्रेशर गेजच्या पाइपाचा जोड, डिस्ट्रिब्युटरचा बुड, यातलं काहीही गळलं तरी ऑइल ओघळत बाउलवरच येतं आणि तळाच्या बोल्टावरून ठिबकतं. ती सगळी बाजू पेट्रोल-रॉकेलने धुऊन कोरडी करा, पावडर किंवा खडूची भुकटी फुंका, इंजिन पाच मिनिटं चालवा. भुकटीवर ओली रेघ जिथून सुरू होते ते गळतीचं ठिकाण. फिल्टरच्या हेडचं हे पॅकिंग गळत असेल तर त्यावर कितीही चांगला स्पिन-ऑन लावा, जमिनीवर डाग पडतच राहणार.

आमच्याकडे याला हवामानाचीही जोड आहे. धुळे-जळगाव पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहाच्या खाली येतो. त्यामुळे २०डब्ल्यू-५० मिनरल ऑइल हेच या इंजिनाला बरोबर आहे, पण थंडीत ते सकाळी घट्ट असतं आणि पहिल्या मिनिटात प्रेशर एकदम वर जातं. रिलीफ व्हॉल्व्ह अडकत असेल तर आणखी वर. म्हणून काठावरची गळती उन्हाळ्यात नाही तर हिवाळ्यातल्या सकाळी उघडी पडते. तुमची तशीच असेल, तर ब्लॉकच्या मागच्या भागात, डिस्ट्रिब्युटरच्या विरुद्ध बाजूला जो डोम नट (टोपीसारखा बंद नट) आहे तो उघडून रिलीफ व्हॉल्व्ह मोकळा सरकतो का ते बघा. त्याचे फायबर वायसर नवे टाका.

एवढं झाल्यावरही स्पिन-ऑन हवा असेल, तर त्याची खरी कारणं सांगतो. ऑइल बदलताना बाउलभर काळं ऑइल कोपरापर्यंत येत नाही. स्प्रिंग, प्लेट, फेल्टचा वायसर यांचा क्रम लावत बसावा लागत नाही. यातला एक जरी उलटा गेला तर ऑइल न गाळताच पुढे जातं आणि वर्षभर कुणाला कळत नाही. आणि तिसरं, सकाळचा उशीर. चांगल्या स्पिन-ऑनमध्ये रबरी पडद्याचा परतीचा व्हॉल्व्ह असतो, इंजिन बंद असताना तो ऑइलला इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये उतरू देत नाही. फिल्टर भरलेला राहिला की काटा लवकर उठतो. मात्र हे फिल्टर कसा बसतो यावर आहे. तोंड वर करून उभा लटकत असेल तर ऑइल असंही त्यात राहतं, पडद्याचा फायदा थोडा. आडवा किंवा उलटा, म्हणजे तोंड खाली करून बसत असेल, तर पडदा नसलेला फिल्टर रात्रीतून रिकामा होतो. तुमचं हेड कुठल्या धाटणीचं आहे ते पाहिल्याशिवाय इथे नेमकं सांगता येणार नाही. या इंजिनावर वेगवेगळी हेडं आलेली आहेत आणि पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल याचाही नेम नाही.

ॲडॅप्टरकडे येऊ. सोपा प्रकार म्हणजे बाउलच्या जागी बसणारी जाड चकती. तिचा वरचा काठ त्या खाचेतल्या रिंगवर टेकतो, मूळ आट्यांचा पोकळ बोल्ट तिला हेडला आवळतो आणि त्याच बोल्टाचं खालचं टोक फिल्टरचा स्टड होतं. परदेशी बी-सिरीज गाड्यांसाठी असे तयार संच मिळतात. ते तुमच्या हेडला बसतीलच असं मात्र धरून चालू नका, खाचेचा व्यास आणि मधल्या बोल्टाचा आटा मोजूनच मागवा. दुसरा मार्ग म्हणजे लेथवर करून घेणं. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत हे काम करणारा चांगला टर्नर सापडतो, पण त्याला नुसता बाउल दाखवून ‘असं काहीतरी करून दे’ म्हणू नका. त्याला पुढची मापं द्या.

चकती ॲल्युमिनियमच्या सळईतून किंवा जाड पट्टीतून कापलेली असावी. भंगार वितळवून ओतलेलं ॲल्युमिनियम नको, त्यात बारीक छिद्रं असतात आणि प्रेशरखाली घामासारखं ऑइल सुटतं. मधला बोल्ट माईल्ड स्टीलचा किंवा त्याहून चांगल्या पोलादाचा, वरचा आटा मूळ बोल्टावरून पिच गेजने (दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, मोजायच्या पट्टीने) मोजून. जुन्या इंग्रजी इंजिनाचे आटे इंची असतात, टर्नरने सवयीने मेट्रिक कापला की हेडचा आटा गेलाच म्हणून समजा, आणि हेड वाया जाणं हे या सगळ्यातलं महागडं नुकसान. खालचा स्टड पाऊण इंची, १६ टीपीआय (इंचाला १६ आटे), यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्याचा करा, कारण या आट्याचे फिल्टर सगळीकडे मिळतात. स्टडच्या मधून १२ मिलीमीटरचं भोक चालतं, भिंत अडीच मिलीमीटर उरते. आडवी भोकं पाडावी लागत असतील तर त्यांचं एकूण क्षेत्रफळ मूळ बोल्टाच्या भोकांपेक्षा कमी भरता कामा नये. स्टड चकतीबाहेर १२ ते १५ मिलीमीटर पुरे. जास्त लांब ठेवला तर तो फिल्टरच्या आत जाऊन टेकतो, पॅकिंग दबायच्या आधीच फिल्टर थांबतो आणि हाताला मात्र घट्ट बसल्यासारखं वाटतं.

फिल्टरचं पॅकिंग जिथे टेकतं तो पट्टा सपाट आणि बारीक फिनिशचा हवा, मधून बाहेर जाणारा एकही ओरखडा नको. मध्ये ओ-रिंग असेल तर खाचेची खोली रिंगच्या जाडीच्या पंचाहत्तर ते ऐंशी टक्के ठेवा, म्हणजे रिंग वीस-पंचवीस टक्के दबते. नायट्राइल रबर चालतं, व्हिटॉन जास्त टिकतं. मीटरवर मिळणारी दोरी कापून चिकटवलेली रिंग इथे वापरू नये. आणि सिलिकॉनची पेस्ट तर मुळीच नको: दाबाखाली आत सुटलेला त्याचा तुकडा फिल्टरच्या पलीकडच्या बाजूला असला तर थेट गॅलरीत जातो आणि एखाद्या बेअरिंगचं भोक बुजवतो.

दोन लांब होज टाकून फिल्टर लांब कुठेतरी बसवायचा तिसरा प्रकारही आहे. रोजच्या गाडीला मी तो सुचवत नाही. चार जोड वाढतात, होज फुटला तर मिनिटाभरात चेंबर रिकामा, आणि येणारी-जाणारी बाजू उलटी जोडली तर परतीचा पडदा ऑइल अडवून धरतो. ऑइल नेहमी फिल्टरच्या कडेच्या लहान भोकांतून आत आणि मधल्या मोठ्या भोकातून बाहेर जायला हवं, हे कुठल्याही ॲडॅप्टरला लागू आहे.

आता फिल्टर निवडणं, आणि इथेच जास्त लोक फसतात. फिल्टर बाहेरून सारखे दिसतात. दुकानात कुणी एम-२० बाय दीडच्या (२० मिलीमीटर मेट्रिक) आट्याचा फिल्टर हातात देतो, तो पाऊण इंची स्टडवर फिरतो सुद्धा. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर आणि १६ टीपीआयचं पिच १.५९ मिलीमीटर, एम-२० चं पिच १.५. म्हणजे आटा बाजूला जेमतेम एक-तृतीयांश मिलीमीटर पकडतो आणि पिचही जुळत नाही. हाताला तो शेवटी आवळल्यासारखा लागतो, आयडलला गळतही नाही, आणि थंड सकाळी प्रेशर साठच्या वर गेलं की उडतो. ओळखायची खूण सोपी: पॅकिंग टेकण्याआधी, दोन-तीन फेरे फिरल्यावर फिल्टर हाताने हलवून बघा. खडखड करत डावी-उजवीकडे झुलला तर आटा चुकीचा. बरोबर आटा किंचित खेळतो, झुलत नाही. दुकानात जाताना ॲडॅप्टरच सोबत घेऊन जा, गाडीचं नाव सांगू नका. ॲम्बेसेडर म्हटलं की तो एलिमेंट काढून देईल.

आट्यानंतर पॅकिंगचा व्यास. ते संपूर्ण पट्ट्यावर टेकलं पाहिजे, काठाबाहेर अर्धवट लोंबता कामा नये. त्यानंतर बायपास. फिल्टर चोंदला किंवा ऑइल फार घट्ट असलं तर एक व्हॉल्व्ह उघडून ऑइल न गाळता पुढे सोडतो. बेअरिंग कोरडं राहण्यापेक्षा मळकं ऑइल परवडलं. मूळ व्यवस्थेत हा व्हॉल्व्ह हेडमध्ये असतो. तुमचं हेड तसंच राहणार असेल आणि तो व्हॉल्व्ह जागेवर असेल तर फिल्टरमध्ये बायपास असला-नसला तरी अडत नाही. हेडच बदलत असाल किंवा ॲडॅप्टरमुळे तो बंद होत असेल तर बायपास असलेलाच फिल्टर घ्या. परतीचा पडदा दुकानातच दिसतो: कडेच्या लहान भोकांतून टाचणीने हलकेच दाबा, मऊ रबर लागलं तर पडदा आहे.

उंचीचा विचार शेवटी येतो पण विसरू नका. फिल्टर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला आहे आणि स्टीअरिंगही त्याच बाजूला. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून फिल्टर आणि जवळचा कुठलाही भाग यांच्यात निदान १५ ते २० मिलीमीटर मोकळं ठेवा. स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. लांब फिल्टरमध्ये ऑइल जास्त मावतं हे खरं, पण जागा नसेल तर आखूड घ्या आणि लवकर बदला.

बसवायची रीत अशी. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, स्टँडवर ठेवा, विटांवर तर नकोच. बाउल उतरवा, खाच वर सांगितल्याप्रमाणे साफ करा, हेडच्या आतला गाळ पुसून घ्या. कापूस वापरू नका, धागे आत राहतात. नवी रिंग ऑइल लावून खाचेत सगळीकडे सारखी दाबा, चकती सरळ बसवा, पोकळ बोल्ट वीसेक न्यूटन-मीटरने आवळा. ॲडॅप्टर फिरत नाही ना ते बघा, नाहीतर पुढच्या वेळी फिल्टर काढताना फिल्टरसोबत तोच सुटून येईल. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर त्यात ऑइल भरा, कागदाला मुरू द्या, पुन्हा भरा. पॅकिंगला बोटाने ऑइल लावा. हाताने फिरवत पॅकिंग टेकेपर्यंत आणा, फिल्टरवर खडूची खूण करा आणि तिथून पाऊण फेरा हातानेच. पान्याने नाही. पुढच्या प्रत्येक वेळी फिल्टर काढला की जुनं पॅकिंग त्याच्यासोबत आलं का ते आधी पाहा. चिकटून राहिलेल्या पॅकिंगवर दुसरं बसलं की इंजिन सुरू होताच ऑइलची धार लागते.

चेंबरमध्ये डिपस्टिकच्या खुणेपर्यंत नवं ऑइल भरा. मग इंजिन सुरू करण्याआधी कॉइलची बारीक वायर काढा. प्लगची जाड वायर काढून लोंबती ठेवायची नाही, त्याने कॉइल जाते. प्लग काढले तर सेल्फवर आणि बेअरिंगवर ताण कमी पडतो. दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये अर्धा मिनिट थांबा, काटा उठेपर्यंत. चार-पाच वेळा मारूनही उठला नाही तर सेल्फ जाळत बसू नका. पंप कोरडा पडला असेल. गेजच्या पाइपाचा जोड सोडून तिथून ऑइलच्या पिचकारीने ऑइल घाला आणि पुन्हा पाहा. काटा उठला की वायर जोडून इंजिन आयडलला चालवा, खाली वाकून पॅकिंगचा पूर्ण घेर बोटाने तपासा. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहा आणि कमी भरेल तेवढं ऑइल घाला. फिल्टरच्या आकाराप्रमाणे एकूण ऑइल बदलतं, त्यामुळे जुना आकडा डोळे झाकून ओतू नका. मग धुळ्यापर्यंत एक फेरी मारून, जमलं तर लळिंगचा घाट चढून, गरम इंजिनावर पुन्हा एकदा घेर तपासा. पहिला फिल्टर पाचशे किलोमीटरला काढून टाका, कारण हेडमध्ये सुटलेला जुना गाळ त्यातच अडकतो. त्यानंतर तीन ते चार हजार किलोमीटर किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ इंजिनात ऑइल फिल्टरमधून नव्हे, एअर क्लीनरमधून शिरते, त्यामुळे तिकडे दुर्लक्ष करून इकडे महागडा फिल्टर लावण्यात अर्थ नाही.

हे वाचणाऱ्यांत जुन्या विलीज किंवा महिंद्रा जीपवालेही असतील. त्यांनी हे जसंच्या तसं करू नये. त्या इंजिनांवर बायपास प्रकारचा फिल्टर असतो, दोन बारीक नळ्यांचा. थोडं ऑइल गाळून परत चेंबरमध्ये जातं. वाटेत मुद्दाम ठेवलेलं एक बारीक छिद्र असतं. ॲडॅप्टर करताना ते मोठं झालं किंवा गेलं तर गॅलरीतलं ऑइल तिकडूनच पळतं आणि प्रेशर बसतं.

जुना बाउल, बोल्ट, स्प्रिंग, प्लेट एका डब्यात ऑइल लावून जपून ठेवा. तुमची गाडी पन्नास वर्षांपलीकडची आहे. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची झाली तर गाडी मूळ रूपात असणं महत्त्वाचं, आणि हा बदल अर्ध्या तासात मागे घेता येतो तो हे भाग हाताशी असतील तरच.

बाउलचा एक फायदा मात्र जातो: उघडला की तळाशी काय साचलंय ते दिसायचं. स्पिन-ऑनमध्ये ते बघायला फिल्टर कापावा लागतो. रात्रभर उलटा ठेवून निथळू द्या, तोंडाजवळचा पत्रा पत्र्याच्या कात्रीने गोल कापा. हॅक-सॉ नको, तिचाच कीस कागदावर पडतो. एलिमेंटच्या घड्या पांढऱ्या कागदावर पसरून कागदाखालून लोहचुंबक फिरवा. चुंबकासोबत सरकणारा बारीक भुगा रिंग, कॅम किंवा टॅपेटचा, थोडा असतोच. चुंबकाला न जुमानणारे चंदेरी किंवा तांबूस पापुद्रे दिसले तर ते बेअरिंगचे, आणि मग चेंबर उतरवून बिग-एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगच्या टोप्या उघडाव्या लागतील.